रबर, लाख, कापूर आणि एक चीर

शाईचं पेन भरा, टोपण काढा आणि निब खाली करून हवेत धरा. निबच्या मधोमध एक उभी चीर आहे आणि ती थेट आतल्या शाईपर्यंत पोचते. म्हणजे भरलेल्या भांड्याला बुडाशीच भोक आहे. तरी थेंब पडत नाही! आता तीच निब कागदाला नुसती टेकवा. दाबू नका. शाई आली. हात उचला. थांबली. आत झडप नाही, स्प्रिंग नाही, बटण नाही. मग केव्हा यायचं आणि केव्हा थांबायचं, हे शाईला सांगतं कोण?

मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावावर उभं राहिलं की मला हा प्रश्न हटकून आठवतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली हा तलाव बांधला. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी, खाली धामापूर-काळसे भागातली शेती. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. पाणी अडवलं की काम अर्धंच होतं. हवं तेव्हा आणि हवं तेवढंच सोडता आलं, तर तो तलाव कामाचा. पेन करणाऱ्यांपुढे नेमकं हेच कोडं होतं. फक्त त्यांचा तलाव एक-दोन मिलिलिटरचा, आणि तो खिशात घालून माणूस एसटी पकडायला धावणार!

हे कोडं सुटायला किती वेळ लागावा? पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणाने १८२७ सालीच फ्रान्समध्ये शाई पोटात ठेवणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. पण पुढची कितीतरी वर्षं अशी पेनं एक तर लिहायचीच नाहीत, नाही तर भळाभळा ओकायची. लोक आपले बोरू आणि टाकच दौतीत बुडवत राहिले. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमनने पेटंट घेतलं आणि खेळ पालटला. गळक्या पेनाने विम्याच्या करारावर डाग पाडला, गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून त्याने चिडून नवं पेन शोधलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती कंपनीच्या जाहिरातींनीच गाजवली. खरी गंमत गोष्टीत नाही, त्याने केलेल्या खाचांत आहे.

निब उलटी करून पाहा. तिच्या पोटाशी एक काळी पट्टी चिकटून बसलेली असते. तिला आपल्याकडे बरेच जण पेनची जीभ म्हणतात. पेनाची सगळी अक्कल या जिभेत आहे. पेनाची नळी सगळीकडून बंद असते, त्यामुळे शाईचा एक थेंब बाहेर जायचा तर तेवढीच हवा आत यायला हवी. हवा आली नाही तर आत पोकळी तयार होते आणि शाई अडून बसते. हवा बेसुमार आली तर शाई धो धो वाहते. आणि गंमत अशी, की शाईला जायला आणि हवेला यायला वाट एकच! वॉटरमनने जिभेवर एक रुंद पन्हळ कोरली आणि तिच्या तळाशी अगदी बारीक खाचा पाडल्या. बारीक खाचांत शाई स्वतःच्या ओढीने शिरते आणि तिथेच धरून राहते. रुंद पन्हळीतून हवेचा बुडबुडा वर सरकतो. एकाच दारातून दोघांची ये-जा, आणि कुणी कुणाला आडवं जात नाही.

ही ‘स्वतःची ओढ’ काय असते? दिव्याची वात तेल वर कशी चढवते ते आठवा. द्रवाला बारीक फट मिळाली की तो तिच्या भिंतींना धरून पुढे सरकतो, आणि फट जितकी अरुंद तितकी ओढ जबर. आता निबची चीर भिंगाखाली धरा. ती वरच्या भोकाशी किंचित रुंद असते आणि टोकाकडे येता येता अरुंद होत जाते. म्हणून शाई सतत टोकाकडेच खेचली जाते. टोकाशी येऊन ती थांबते, कारण तिथे तिच्या पृष्ठभागाचा ताण तिला पडू देत नाही. मग कागद लागतो. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, त्यात चिरेहूनही बारीक अशा असंख्य फटी. शाईला जास्त ओढणारा भेटला की ती तिकडे जाते! आपण लिहितो तेव्हा शाई ढकलत नसतो. कागद ती ओढून घेत असतो आणि आपण फक्त त्याला जागा दाखवत असतो. म्हणूनच चांगल्या पेनाला जोर लावावा लागत नाही.

शाळेत शाईचं पेन वापरलेल्यांना एक विचित्र अनुभव असतो. भरलेलं पेन नीट चालतं, आणि शाई संपत आली की खिशाला डाग पाडतं. उलटं व्हायला हवं ना? जास्त शाई तर जास्त गळती? इथेही कारण हवाच. शाई संपते तशी नळीत हवा भरते. छातीशी खिशात ठेवलेलं पेन अंगाच्या उबेने तापतं. शाई तापून फारशी फुगत नाही, हवा मात्र चांगलीच फुगते आणि समोरच्या शाईला बाहेर लोटते. यावर उपाय म्हणून जिभेच्या दोन्ही अंगांना पातळ पातळ दातरे कोरतात. जास्तीची शाई त्या दातऱ्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसते आणि हवा निवली की परत आत जाते. जुन्या पेनाचा दातऱ्यांचा भाग धुताना त्यातून शाईचे निळे धागे कितीतरी वेळ सुटत राहतात. वाळून बसलेली वर्षानुवर्षांची शाई असते ती.

आता हे पेन कशाचं केलेलं आहे ते पाहू. इथून पुढची गोष्ट मला सगळ्यांत अद्भुत वाटते.

कोकणातल्या घरांत जुनी पेनं सापडतात ती माळ्यावरच्या ट्रंकांत. मुंबईत गिरणीत, गोदीत, कचेरीत असलेला चाकरमानी महिन्याला मनीऑर्डर आणि पत्र पाठवायचा, गणपतीला घरी यायचा, आणि निवृत्त होऊन परतला की त्याचं पेन ट्रंकेत जायचं. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, शिवाय समुद्राची खारी हवा. चाळीस-पन्नास पावसाळे अशा ट्रंकेत काढलेलं पेन बाहेर येतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचं टोपण फिरत नाही, नळीवरची तरफ हलत नाही, आणि आतून वाळकं काहीतरी खडखडतं. घरचे म्हणतात, मेलंय ते. नाही, मेलेलं नाही!

समजा ते काळं, नळीच्या कुशीला पितळी तरफ असलेलं जुनं पेन आहे. मेबी टॉड कंपनीचं ‘ब्लॅकबर्ड’ धरू. ‘स्वान’ हे त्याच कंपनीचं महागडं पेन. आधी ते अंगठ्याने खसाखसा घासा आणि नाकाशी न्या. गंधकाचा वास आला? तर हे एबोनाइट. म्हणजे रबर! रबराच्या झाडाच्या चिकात गंधक घालून तो तापवला की तो टिकाऊ होतो, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडलं. गंधक थोडं, शेकड्याला दोन-चार भाग घातलं, तर लवचीक रबर मिळतं. त्याच चिकात गंधक तीस भागांपर्यंत वाढवून तो बराच वेळ तापवला, की जे होतं ते हाडासारखं टणक, काळंभोर आणि लेथवर सफाईने कातता येणारं. चार्ल्सचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्या दोडामार्ग तालुक्यात आज रबराच्या बागा उभ्या आहेत. तिथल्या झाडांच्या खाचांतून वाटीत ठिबकणारा पांढरा चीक पाहिला की विश्वास बसत नाही, की शंभर वर्षांपूर्वीची पेनं यातूनच आली.

आणि खरी कमाल आत आहे. तरफेच्या पेनात शाई साठते ती रबराच्या पिशवीत. म्हणजे बाहेरची नळीही रबर, आतली पिशवीही रबर, झाड एकच, फरक फक्त चिमूटभर गंधकाचा की मूठभर. मूठभर गंधकवाली नळी शंभर वर्षं टिकते. चिमूटभर गंधकवाली पिशवी काही दशकांत कडक होऊन तुकडे तुकडे होते. मघाशी आतून खडखडलं ते याच पिशवीचे अवशेष.

नळी आणि निबचा भाग वेगळे करायचे आहेत. एबोनाइट पाण्यात बुडवायचं नाही. उजेडाने त्याच्या पृष्ठभागावरचं गंधक बदललेलं असतं आणि पाणी लागलं की काळं पेन बघता बघता शेवाळी-तपकिरी पडतं. मग कोरडी ऊब द्यायची. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा, पेन सतत फिरवत, हाताला सोसेल इतकीच. आणि वाट पाहायची. मग निबचा भाग अलगद इकडे-तिकडे हलवत बाहेर घ्यायचा. हिसका दिला तर नळीला तडा जाणार हे नक्की. नवशिके पेनं फोडतात ती इथेच, घाईने.

ऊब देऊन नक्की काय सैल होतं? लाख! पिशवी निबच्या भागाला चिकटवलेली असते ती लाखेने, आणि जोडही बऱ्याचदा तिनेच बसवलेला असतो. लाख कुठून येते? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर बसून रस शोषणारा एक इवलासा किडा आपल्याभोवती राळेचं कवच करतो. ती राळ खरवडून, वितळवून, गाळून लाख होते. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी कामामुळे आपल्या जिल्ह्याला लाख नवी नाही. तीच लाख अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांत पेनं जोडायला वापरत होते, आणि आजही जगभरचे पेन दुरुस्त करणारे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच वापरतात. इतके आधुनिक डिंक असताना? हो, कारण लाख धरतेही आणि सोडतेही. ऊब मिळाली की ती मऊ होते. आज मी जोडलेलं पेन पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला उघडावं लागेल, तेव्हा त्याला फक्त ऊब द्यावी लागेल. जुन्या पेनाला झटपट चिकटणारा डिंक लावणं हा माझ्या मते गुन्हाच आहे. त्याने पेन जुळतं, पण कायमचं बंद होतं.

आता पिशवीचे तुकडे चिमट्याने काढा, आत गंजलेली दाबपट्टी असेल ती घासून साफ करा किंवा नवी घाला. नव्या पिशवीचं तोंड निबच्या भागाच्या बुडाला असलेल्या नळकांडीवर ताणून, लाख लावून बसवा आणि रात्रभर सुकू द्या. नंतर पिशवीला शंखजिऱ्याची पूड चोळा, म्हणजे ती नळीला घासणार नाही. जोड पुन्हा बसवा. दुरुस्ती झाली. साहित्याचा खर्च फार नाही. लागतो तो वेळ.

निब शाईत बुडवून तरफ उचला. दाबपट्टी पिशवीला चेपते, हवा बुडबुडे काढत बाहेर जाते. तरफ सोडा. पिशवी पुन्हा फुगू पाहते आणि शाई आत येते. पिशवीने शाई ओढली असं वाटतं, पण तसं नाही. आपल्या डोक्यावर मैलोन् मैल उंचीचा हवेचा थर आहे. दौतीतल्या शाईवर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो वजनाइतका त्याचा भार पडतो आहे. पिशवीत दाब कमी झाला की हा भार शाईला आत लोटतो. आकाशच तुमचं पेन भरत असतं! ही तरफेची साधी युक्ती १९०८ साली पेटंट केली ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसन या छोट्या गावच्या एका जवाहिऱ्याने. त्याचं नाव वॉल्टर शेफर. पुढे त्याच्या नावाची पेनं जगभर गेली.

पेनाला गंधकाचा वास आला नाही, कापराचा आला तर? तर ते सेल्युलॉइड. कापसापासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून हे सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक झालं; जॉन वेस्ली हायटने १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. आरतीला लागतो तोच कापूर. काळ्या रबराच्या पेनांना रंग आले ते यामुळे. १९२४ साली शेफरने अशी पेनं आणली आणि मग संगमरवरी हिरवी, मोतिया, लालभडक पेनं दुकानांत झळकू लागली. पण याच पदार्थापासून सिनेमाच्या जुन्या फिल्मही होत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच नायट्रेट फिल्मवर १९१३ साली पडद्यावर आला. ही फिल्म किती पेटती असते हे पुण्याने २००३ साली पाहिलं, तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा. म्हणून सेल्युलॉइडच्या पेनाजवळ मेणबत्ती, काडी, स्टोव्ह काहीही नको. त्यात आणखी एक गुंता. आतली रबरी पिशवी जुनी होताना तिच्यातून गंधकाचे वायू सुटतात आणि फिकट रंगाचं सेल्युलॉइड आतून तपकिरी पडतं. जुन्या हिरव्या पेनाचं टोपण ताजं हिरवं आणि नळी मात्र काळपट दिसली, तर समजा की पिशवी नळीतच होती, टोपणात नव्हती.

आणखी काही पेनं तर दुधाची असतात! दुधातलं केसिन वेगळं काढून, दाबून, फॉर्मॅलिनमध्ये मुरवून त्याचं शिंगासारखं टणक द्रव्य होतं. इंग्लंडच्या कॉनवे स्ट्युअर्ट कंपनीने त्याची फार सुंदर पेनं केली. ते पाण्यात ठेवलं तर फुगतं. म्हणजे शाई सुटावी म्हणून जे पेन रात्रभर पाण्यात बुडवावं, त्यालाच ती आंघोळ मारक ठरू शकते. दुरुस्तीच्या आधी वास घ्यायचा तो यासाठी.

आता निबकडे या. चांगली जुनी निब सोन्याची असते, बहुतेकदा १४ कॅरटची, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त सोनं. हा श्रीमंतीचा देखावा नव्हता. त्या काळची टिकाऊ शाई आम्लधर्मी होती आणि साधं पोलाद खाऊन टाकायची. सोन्याला ती काही करू शकत नव्हती. (मोरारजी देसाईंच्या १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात दागिने १४ कॅरटच्या वरचे करायला बंदी आली, तेव्हा देशभर नाराजी पसरली. पेनवाल्यांना तेच सोनं आधीपासून उत्तम वाटत होतं.)

पण सोनं मऊ. कागदावर मैलोन् मैल घासलं तर टोक महिन्याभरात झिजून जाईल. म्हणून टोकावर मोहरीहून लहान असा एक चंदेरी दाणा वितळवून जोडतात. त्यात इरिडियम, ऑस्मियम अशा धातूंचा मिलाफ असतो. १८०३ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने प्लॅटिनमचं खनिज आम्लात विरघळवल्यावर तळाशी उरलेल्या काळ्या गाळात हे दोन्ही धातू शोधले. १८३४ साली लंडनमध्ये जॉन आयझॅक हॉकिन्सने ते सोन्याच्या निबला जोडून दाखवले. शिशाच्या दुप्पट जड, आम्लाला दाद न देणारे, आणि पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ. दुर्मीळ का? कारण पृथ्वी वितळलेली होती तेव्हा हे जड धातू लोखंडाबरोबर तिच्या गाभ्यात उतरले. अशनींत मात्र ते पुष्कळ असतात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या मातीच्या एका पातळ थरात जगभर इरिडियम सापडलं, आणि त्यावरूनच १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी सांगितलं की डायनोसॉर संपले ते आकाशातून आलेल्या एका प्रचंड धोंड्यामुळे. आपल्या सह्याद्रीचे काळे कातळ घडवणारा लाव्हा वाहत होता तोही याच सुमाराला. निबच्या टोकाला असलेला तो ठिपका या घराण्यातला आहे. पुढे त्या मिश्रणातलं इरिडियम कमी होत गेलं, ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन वाढले, पण निबांवर शब्द मात्र ‘इरिडियम’च राहिला.

दाणा आधी जोडतात आणि चीर नंतर पाडतात, अतिशय पातळ चकतीने, दाण्यासकट. इतक्या कठीण धातूत केसाएवढी सरळ चीर! ती अगदी मधोमध गेली नाही तर निब आयुष्यभर एका बाजूने खरखरते.

सोनं ज्या शाईमुळे लागलं तिच्याकडेही पाहायला हवं. लोखंडी विळीवर आवळा किंवा केळफूल चिरलं की पातं काळं पडतं, हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्या फळाफुलांतला तुरटपणा म्हणजे टॅनिन. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. जुनी निळी-काळी शाई म्हणजे हेच रसायन. हिरडा किंवा मायफळ यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचं मीठ. ताजी असताना ही शाई जवळजवळ रंगहीन असते! लिहिलेलं दिसावं एवढ्यासाठी तीत निळा रंग मिसळतात. लिहिल्यावर हवेतला प्राणवायू लोखंडाला बदलत जातो आणि निळं अक्षर काही तासांत, काही दिवसांत काळं होत जातं. ते कागदाच्या तंतूंत मुरलेलं असतं, पाण्याने पुसलं जात नाही. म्हणून दस्तऐवज, जन्ममृत्यूच्या नोंदी याच शाईत लिहिल्या जात. खिशातल्या पेनात ती काळी होत नाही, कारण तिथे हवा बेताची. कागदावर हवा मोकळी, म्हणून ती तिथेच काळी होते.

१९३१ साली गिरगावात दिगंबर आणि गोविंद दांडेकर या भावांनी ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पाणी घाला, शाई तयार. नंतर फाउंटन पेनसाठी त्यांची ‘कॅमल’ शाई आली आणि तिच्यातूनच पुढे कॅम्लिन हे नाव घरोघरी गेलं. स्वदेशीचा तो काळ. बंगालमध्ये १९३४ साली ‘सुलेखा’ शाई निघाली, आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांची एबोनाइटची पेनं हाताने कातली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर परदेशी पेनं येणं अवघड झालं तेव्हा मुंबईतल्या छोट्या कारखान्यांनी ड्रॉपरने भरायची पेनं केली. एअरमेल कंपनीची ‘वॉलिटी’ त्यातलीच. त्यांत पिशवी नाही, तरफ नाही. नळीचे आटे सोडवा, ड्रॉपरने शाई घाला, घट्ट करा. बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाहीच. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ही पेनं भंगाराच्या ढिगात पडलेली दिसतात आणि परदेशी नाव नाही म्हणून लोक ती उचलत नाहीत. नव्याने छंद लागलेल्याने आधी हीच घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. गरम पाण्याने धुवू नका, कोमट-गार पाण्यातही ठेवू नका, एबोनाइटची असली तर तोच नियम त्यांनाही लागू आहे. जीभ आणि निब तेवढी ओढून धुवा, आट्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावा, आणि लिहायला बसा.

पार्करचं १९४१ सालचं ‘५१’ मिळालं तर नशीबच. निब टोपीखाली लपलेली, म्हणजे टोकाची शाई वाळत नाही. अंग ल्यूसाइट या पारदर्शक प्लास्टिकच्या घराण्यातलं, म्हणजे शाईची भीती नाही. १९४८ नंतरच्या ‘५१’ मध्ये रबराऐवजी पीव्हीसीची पिशवी आली. पंचाहत्तर वर्षं होत आली, आणि त्यातल्या बहुतेक पिशव्या अजून लवचीक आहेत! असं पेन सापडलं तर उघडूच नका. पाणी भरा, सोडा, भरा, सोडा. निळं पाणी स्वच्छ येईपर्यंत. एवढंच.

सगळं जुळल्यावर शेवटी निब भिंगाखाली धरायची. नव्या निबचा दाणा गोल असतो. वीस-तीस वर्षं एकाच माणसाने वापरलेल्या निबचा दाणा गोल नसतो. त्याच्यावर एक चपटी, गुळगुळीत पाठ घासून तयार झालेली असते, आणि ती कुठल्या बाजूला, किती कललेली आहे यावरून कळतं, की हा माणूस पेन किती तिरकं धरायचा, बोटांत कुठे वळवायचा, उजव्या हाताचा होता की डावऱ्या. धातू जगातला इतका कठीण, आणि त्याच्यावर कागदाने, एका-एका अक्षराने, एका माणसाच्या हाताची ढब कोरून ठेवली! त्याचं अक्षर तुम्ही कधी पाहिलेलं नसेल, पण त्याने पेन कसं धरलं ते तुमच्या हातात आहे.

बारीक घासकागदावर इंग्रजी आठाचा आकार काढत निब फिरवली की ही पाठ एका मिनिटात जाते आणि निब नव्यासारखी होते. दुरुस्तीवाल्यांत यावरून वाद आहे. काहींना वाटतं, पेन वापरणाऱ्याच्या हाताला बसायला हवं, म्हणून घासावं. मी घासत नाही, निब खरोखरच कागद फाडत असेल तर गोष्ट वेगळी. त्याऐवजी कोऱ्या कागदावर सावकाश रेघा ओढत पेन बोटांत थोडं थोडं फिरवत जा, कधी जरा उभं धरा, कधी आडवं. एका विशिष्ट कोनात खरखर एकदम थांबते आणि निब लोण्यावरून सरकावी तशी सरकते. तो आधीच्या मालकाचा कोन. तो सापडला की पेनाच्या नळीवर अंगठा कुठे आला ते बघून ठेवा, आणि घासकागद डब्यात परत टाका.